गुंथर सोन्थायमर आणि धनगरांचे देव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुंथर सोन्थायमर कोण होते?

गुंथर-दित्झ सोन्थायमर (१९३४–१९९२) हे जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत भारतीय धर्मांचा इतिहास आणि परंपरागत हिंदू कायदा शिकवणारे प्राध्यापक होते. मराठी वाचकाला त्यांचे नाव माहीत असते ते मात्र वेगळ्या कारणासाठी. माणदेश, पुरंदर, जेजुरी, आरेवाडी, पट्टण कोडोली अशा ठिकाणी ते वर्षानुवर्षे येत राहिले, धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, बसून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि ज्या देवांना पंडितांनी ‘क्षुद्र दैवते’ म्हणून बाजूला ठेवले होते त्यांना आपल्या अभ्यासाच्या मध्यभागी आणले. जून १९९२ मध्ये वयाच्या अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते मूळचे कायद्याचे अभ्यासक होते ना? मग देवांकडे कसे वळले?

होय. लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेत हिंदू कायद्याचे मोठे जाणकार डंकन डेरेट यांच्या परंपरेत त्यांचे शिक्षण झाले, आणि एकत्र हिंदू कुटुंब ही कायदेशीर संस्था कशी घडत गेली यावरचा त्यांचा ग्रंथ १९७७ साली दिल्लीहून प्रकाशित झाला. वरवर पाहता धर्मशास्त्र आणि धनगरांचा देव बिरोबा यांत काही नाते दिसत नाही. परंतु धर्मशास्त्र वाचणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर एक गोष्ट कळते : शास्त्रकार स्वतःच देशाचार, कुलाचार आणि जातिधर्म यांना मान देतात. म्हणजे प्रत्यक्षात लोक काय करतात हे पाहिल्याशिवाय ग्रंथाचा अर्थ पुरा होत नाही.

दुसरा दुवा अधिक रंजक आहे. १९६०च्या दशकात त्यांनी देवतेच्या कायदेशीर व्यक्तित्वावर लिहिले. आपल्या न्यायालयांत देव हा मालमत्तेचा धनी असू शकतो, त्याच्या वतीने दावा लावता येतो आणि त्याची जमीन पुजाऱ्याची होत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा एक कोरडा सिद्धान्त वाटतो. जेजुरीत किंवा वीर या गावी गेले की तोच देव गावाचा राजा असतो : त्याचे मानकरी ठरलेले असतात, त्याची पालखी कोणी उचलायची आणि अब्दागिरी कोणी धरायची याचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात, त्याला बायका असतात आणि त्याचे रुसवेफुगवेही असतात. ज्याला कायदा ‘व्यक्ती’ म्हणतो तिचे सगळे चरित्र गावात सांगितले जाते. माझ्या मते सोन्थायमर कायद्याकडून धर्माकडे वळले असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी कायद्याचाच माग काढत वाड्यापर्यंत मजल मारली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

त्यांनी अभ्यासासाठी धनगरच का निवडले?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूगोलात आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला, फलटण, माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात, पावसाची सदाची ओढ. या कोरड्या माळावर शेतीपेक्षा मेंढरू अधिक भरवशाचे. पावसाळ्यात माळ हिरवा होतो तेव्हा मेंढका घरी असतो. दसरा-दिवाळीनंतर चारा संपू लागला की हाटकर धनगरांचे वाडे हलतात, काही घाट उतरून कोकणात जातात, काही भीमेच्या खोऱ्याकडे, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत फिरतात.

आमच्या गावच्या शेतात असा वाडा उतरताना मी लहानपणापासून पाहिलेला आहे. आधी बायका घोडी घेऊन पोहोचत. घोडीच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि नुकतीच जन्मलेली कोकरे झोळीतून मान बाहेर काढून पाहत असत. दुपार कलली की धुरळ्यातून मेंढरांचे खिल्लार येई. तिन्हीसांजेला वाघर, म्हणजे सुताची जाळी, काठ्यांवर ताणून मेंढरे आत घेत. त्या रात्री ती मेंढरे आमच्या रानात बसत आणि सकाळी लेंडीचे खत देऊन जात. मोबदल्यात धान्य मोजून दिले जाई. शेतकऱ्याला खत हवे, धनगराला चारा आणि दाणे हवेत. एकमेकांवाचून दोघांचेही अडते, तरी दोघेही एकमेकांना थोडे परकेच मानतात. सोन्थायमर यांच्या सगळ्या मांडणीचा पाया या नात्यात आहे, असे मला त्यांचे लेखन वाचताना सतत जाणवते.

धनगर चालतात म्हणून त्यांचे देवही चालतात. एका ठिकाणचा देव भक्तामागे दुसऱ्या ठिकाणी येतो, वाटेत थांबतो, तिथे नवे ठाणे होते. म्हणून देवांच्या कथा आणि वाड्यांच्या वाटा एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. पुण्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी यापूर्वीच पुरंदर आणि कऱ्हेच्या परिसरात पायी हिंडून मेंढपाळांच्या वाटा, जुने दगड आणि देवतांची ठाणी यांचा संबंध दाखवला होता. सोन्थायमर त्या वाटेने पुढे गेले, पण दगडाबरोबर त्यांनी माणसाचे बोलणेही ऐकले.

‘वन आणि क्षेत्र’ हा त्यांचा सिद्धान्त सोप्या भाषेत काय आहे?

क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन, वसलेले गाव, तीर्थ, देऊळ, राजा आणि ब्राह्मण यांची दुनिया. वन म्हणजे नांगराबाहेरची भूमी : रान, माळ, कुरण, डोंगर, आणि तिथले मेंढपाळ, शिकारी, आदिवासी, तसेच तिथे वस्ती करणारे तपस्वी. आपण आज वन म्हटले की फक्त दाट झाडी समजतो, पण सोन्थायमर यांच्या वनात उघडा माळही येतो.

त्यांचे म्हणणे असे की अनेक प्रसिद्ध क्षेत्रदेवतांची मुळे वनात आहेत. देव आधी वारुळात किंवा झाडाखालच्या तांदळ्यात, म्हणजे अनघड दगडात, असतो, मेंढपाळाची गाय किंवा मेंढी तिथे पान्हा सोडते, मग मंदिर होते, मग संस्कृत माहात्म्य लिहिले जाते आणि देव शिवाचा किंवा विष्णूचा अवतार ठरतो. एवढेच असते तर तो ‘उन्नयना’चा नेहमीचाच सिद्धान्त झाला असता. सोन्थायमर यांचे वेगळेपण पुढे आहे : क्षेत्रात आल्यावर देव वन विसरत नाही. वर्षातून ठरावीक दिवशी तो पालखीत बसून शिवेबाहेर पडतो, शिकारीला जातो, नदीवर आंघोळीला जातो, जुन्या ठाण्याला भेट देतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन हे त्याचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे रूप होय. वन आणि क्षेत्र ही एकमेकांविरुद्धची दोन टोके नाहीत, त्यांच्यात सतत ये-जा आहे.

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचे ठाणे आहे. लोक त्याला ‘बिरोबाचे मंदिर’ म्हणण्याआधी ‘बिरोबाचे बन’ म्हणतात. सिद्धान्त समजायला तो एक शब्द पुरेसा आहे. पंढरपुरातही रुक्मिणी रुसून बसली ती दिंडीरवनात, हे वारकऱ्यांना सांगावे लागत नाही.

जेजुरीच्या खंडोबाबद्दल त्यांनी काय सांगितले?

खंडोबा हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता, आणि त्यांचे खंडोबाविषयक निबंध त्यांच्या निधनानंतर १९९७ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने निघाले. शिकारी, योद्धे आणि मेंढपाळ या तिघांचा राजा, ही खंडोबाची ओळख त्या ग्रंथाच्या नावातच आहे.

म्हाळसा आणि बानू यांची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, रीतसर लग्न करून आणलेली. बानू, म्हणजे बाणाई, धनगराची पोर. सोंगट्यांच्या डावात हरल्यामुळे देव म्हातारा धनगडी होऊन तिच्याकडे मेंढ्या राखायला राहतो, मेंढ्या मारतो, आणि लग्नाच्या अटीवर त्या पुन्हा जिवंत करतो. घरी आल्यावर सवतींचे भांडण जुंपते, आणि लोकगीतांना त्यापेक्षा आवडता विषय नाही. आपण ही गोष्ट गंमत म्हणून ऐकतो. सोन्थायमर यांनी तिच्यात क्षेत्र आणि वन यांचा संसार पाहिला : एक बायको पेठेतली, स्थिर वस्तीतली, दुसरी माळावरची. दक्षिणेत मुरुगनाची देवसेना आणि वल्ली ही जोडी नेमकी अशीच आहे, आणि कर्नाटकातील मैलार व आंध्र-तेलंगणातील मल्लण्णा या खंडोबाच्या भावंडांकडेही दोन बायकांची हीच मांडणी आढळते.

जेजुरीचा गड चढताना हे डोळ्यांनी पाहता येते. म्हाळसा वर गडकोटात देवाशेजारी आहे, बाणाईचे देऊळ मात्र पायऱ्यांच्या वाटेवर, अर्ध्या चढणीत आहे. धनगर तिथे थांबतात, ओंजळभर भंडारा उधळतात, मगच पुढे चढतात. पायऱ्यांच्या सांध्यांत साचलेली ती हळद वर्षानुवर्षे दगडात मुरलेली आहे आणि उन्हात तापली की तिचा वास येतो. परंपरेने खंडोबाला पाच बायका मानल्या आहेत : म्हाळसा वाणीण, बाणाई धनगरीण, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई तेलीण, जिला मुसलमान भक्त मुसलमान मानतात. एका देवाच्या घरात सगळा गाव नांदतो.

वीरच्या म्हस्कोबाची हकिगत काय आहे?

पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबाचे मोठे ठाणे आहे. सोनारीच्या काळभैरवाचा एक निष्ठावंत भक्त कमळाजी धनगर, त्याच्या भक्तीला भुलून देव सोनारी सोडून इकडे आला, असे सांगतात. माघ पौर्णिमेला म्हस्कोबा आणि जोगूबाई यांचे लग्न लागते आणि पुढे कित्येक दिवस यात्रा चालते. वेगवेगळ्या गावांच्या काठ्या आणि पालख्या येतात, आणि कोणाचे काय काम हे ठरलेले असते. देव स्थलांतर करून आला, भक्त धनगर होता, गाव मात्र शेतकऱ्यांचे आहे, आणि लग्नाच्या निमित्ताने दोघांचेही मान दरवर्षी पुन्हा वाटून दिले जातात. यासाठीच सोन्थायमर यांनी वीरच्या यात्रेचे तपशील इतक्या बारकाईने टिपले.

धनगरी ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीतलीच ओवी का?

नाव एक, पण बाज निराळा. ओवी ही आधी तोंडची, मग ग्रंथातली. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील बायका कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे, आणि तो ज्ञानेश्वरीच्या आधीचा आहे.

धनगरी ओवी पुरुष गातात. रात्री जेवणे उरकली, मेंढरे वाघरीत गेली, की माणसे घोंगड्या पसरून बसतात. म्होरक्या कानावर हात ठेवून ‘सुंबरान मांडिलं’ अशी सुरुवात करतो. सुंबरान म्हणजे स्मरण. मग गावोगावच्या देवांची नावे घेतली जातात, आणि ऐकणाऱ्याला त्या यादीत वाड्याची सगळी वाट सापडते. त्यानंतर कथा लागते. थोडे गायचे, साथीदारांनी झेलायचे, आणि मग गायलेलेच गद्यात, पण भरधाव लयीत, सांगायचे. गाणे आणि सांगणे यांची ही अदलाबदल रात्रभर चालू शकते. अवर्षण पडते, मेंढरे मरू लागतात, देव रागावतो, बहीण भावाला शोधत निघते : धनगराच्या आयुष्यात जे जे असते ते सगळे त्या कथांत असते.

सोन्थायमर यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ कथा अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या आणि त्या २०१४ मध्ये प्रकाशित झाल्या. ध्वनिफितीवरून ओवी उतरवून घेणे किती कठीण असते हे ज्यांनी एकदा तरी केले आहे त्यांनाच कळेल. मागे मेंढरे ओरडत असतात, कुत्री भुंकतात, दोन माणसे एकाच वेळी बोलतात आणि एकेका शब्दासाठी फीत दहा वेळा मागे न्यावी लागते.

त्यांना मराठी येत होते का?

उत्तम येत होते, आणि ते ओवीच्या मराठीपर्यंत पोहोचले होते, ही खरी कौतुकाची गोष्ट आहे. पुण्यात शिकलेला मराठी माणूसही त्या भाषेत दर दोन ओळींना अडखळतो.

सोन्थायमर यांची विद्वान म्हणून थोरवी कशात आहे, असे मला कोणी विचारले तर मी वन-क्षेत्राचा सिद्धान्त दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला मान त्यांच्या ऐकण्याला. संस्कृत माहात्म्यात लिहिले ते पुरावा आणि मेंढक्याने सांगितले ती दंतकथा, असा पंक्तिप्रपंच त्यांनी केला नाही. दोन्ही सांगणी त्यांनी एका पातळीवर ठेवली, दोन्ही तपासली, आणि जिथे ती जुळत नाहीत तिथे न जुळण्याचे कारण शोधले. विद्यापीठात धर्म शिकवणाऱ्या माणसाकडून आपण हीच अपेक्षा करायला हवी, आणि ती फार थोड्यांकडून पुरी होते.

वीरगळांशी त्यांचा काय संबंध?

गावाच्या शिवेवर, मारुतीच्या देवळामागे उभा असलेला तो कोरीव दगड : खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्याभोवती गाई, मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. गुरे पळवायला आलेल्यांशी लढताना मेलेल्या माणसाचे हे स्मारक असते. स्मारकशिळांवरचा एक मोठा ग्रंथ सोन्थायमर यांनी कर्नाटकातील इतिहासकार एस. सेट्टर यांच्यासह संपादित केला, तो १९८२ मध्ये निघाला. जनावरांवर जगणाऱ्या समाजात जनावरांसाठी मेलेला माणूस पूजेला लागतो आणि काही ठिकाणी देवपदाला पोहोचतो. ‘बिरोबा’ या नावातच ‘वीर’ आहे, हे अनेक अभ्यासकांनी मान्य केले आहे.

विठ्ठल मूळचा धनगरांचा देव, असे त्यांनी म्हटले होते का?

या प्रश्नावर वाद फार होतात, म्हणून नीट सांगतो. विठ्ठलाची सविस्तर मीमांसा रा. चिं. ढेरे यांची आहे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा त्यांचा ग्रंथ १९८४चा, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठलाचे आदिरूप गोपालक समाजाच्या देवात आहे, असे ढेरे यांनी तिथे मांडले, आणि पट्टण कोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल व बिरोबा जोडीने पुजले जातात याचा आधार घेताना त्यांनी सोन्थायमर यांच्या संशोधनाचा उपयोग केला. जर्मन प्राध्यापकाने सामग्री पुरवली आणि पुण्याच्या संशोधकाने ती संतवाङ्मय, पुराणे आणि शिलालेख यांच्याशी जोडली, असा तो प्रवास आहे. विठ्ठलाची थोरवी यामुळे कमी होते, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. ग्रंथाच्या नावातला ‘महासमन्वय’ हा शब्दच त्यांना उत्तर देतो.

हिंदू धर्माचे ‘पाच घटक’ त्यांनी सांगितले, ते कोणते?

ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, तप आणि संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. यांतला कोणताही घटक एकटा सापडत नाही, ते एकमेकांत मिसळत राहतात, आणि ते मिसळणे हाच अभ्यासाचा विषय, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निबंध हर्मन कुल्के यांच्यासह संपादित केलेल्या, हिंदू धर्माचा पुनर्विचार करणाऱ्या १९८९च्या संग्रहात आहे.

त्यांच्या अभ्यासाला मर्यादा नाहीत का?

आहेत. ओवी पुरुष गातात, त्यामुळे ओवीवर उभ्या राहिलेल्या अभ्यासात धनगर बायकांचा आवाज कमी ऐकू येतो. घोडी घेऊन पुढे जाणारी, मुक्कामाची जागा निवडणारी आणि वाड्याचा सगळा संसार हाकणारी बाई देवाबद्दल काय सांगते, हे आजही पुरेसे नोंदलेले नाही. शिवाय वन-क्षेत्र ही कल्पना इतकी सोयीची आहे की नंतरच्या काही लेखकांनी ती कुठेही चिकटवली. त्याचा दोष मूळ लेखकाला देता येणार नाही, कारण त्यांनी स्वतः प्रत्येक ठाण्याचा तपशील आधी दिला आणि कल्पना नंतर मांडली.

परदेशी माणसाने आपल्या देवांबद्दल सांगावे का, असेही विचारले जाते. माझे उत्तर असे की ज्या काळात आपले शिकलेले लोक बिरोबाच्या यात्रेला जायला संकोचत होते, त्या काळात हा माणूस तिथे घोंगडीवर बसून ऐकत होता. खंडोबा आणि वारी या विषयांवर त्यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह माहितीपटही केले, आणि त्यांत बोलणारी माणसे आपलीच आहेत.

त्यांचे लेखन कोठून वाचायला सुरुवात करावी?

‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’ हा मूळ जर्मन ग्रंथ १९७६चा. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आले. हेच त्यांचे मुख्य पुस्तक, पण नवख्या वाचकाने थेट त्याला हात घालू नये. आधी खंडोबावरचे निबंध वाचावेत, कारण कथा ओळखीच्या असतात. मग ढेरे यांचा विठ्ठलावरचा ग्रंथ वाचावा, आणि त्यानंतर मोठ्या पुस्तकाकडे यावे. फेल्डहाउस, हायद्रुन ब्रुकनर आणि आदित्य मलिक यांनी त्यांचे विखुरलेले लेखन पुढे एकत्र केले आहे. त्यात धर्म, वाङ्मय आणि कायदा या तिन्ही विषयांवरचे लेख एकत्र मिळतात, हे फार चांगले झाले.

हे सर्व आज प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कुठे जावे?

जेजुरीला सोमवती अमावस्येला जावे, त्या दिवशी देव पालखीतून कऱ्हेवर स्नानाला उतरतो. गडकोट पाहून परत फिरू नये, कडेपठारही चढावे, कारण जुने ठाणे ते आहे. वीरला माघ पौर्णिमेला, आरेवाडीला चैत्रात जावे. चिंचलीच्या मायाक्काला बिरोबाची बहीण मानतात, त्यामुळे सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात तिच्या यात्रेलाही महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने माणसे जातात.

एकच यात्रा पाहणे शक्य असेल तर मी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची सुचवीन. ती दसऱ्यानंतर, साधारण ऑक्टोबरात भरते. सोलापूरकडच्या अंजनगावचे फरांडेबाबा पायी चालत तिथे येतात, भंडारा, खारीक-खोबरे आणि लोकर यांची उधळण होते, ढोल घुमू लागतात, आणि बाबा तलवार घेऊन नाचल्यावर भाकणूक सांगतात : पाऊस किती पडेल, पीक कसे येईल, कांबळ्याचे काय होईल. सकाळी लवकर पोहोचावे, पांढरे कपडे घालू नयेत, आणि भाकणूक सुरू झाली की शेजारच्या म्हाताऱ्याला तिचा अर्थ विचारावा.